चाळीस शब्दांची पाटी

पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या हातात एक आरसा दिला.
खरंच, लहानसा, गोल, पाठीमागे प्लास्टिक.
"यात बघत मेंदूबद्दल बोला," डॉक्टर स्ट्रोनाक म्हणाले,
"ज्या शब्दाला तुमचा चेहरा विझेल तो शब्द काढा."
माझा पहिल्याच वाक्यात विझला.

घरी कुणाला नीट कळलं नव्हतं मी काय शिकतेय.
भाऊ म्हणायचा, अर्धी प्रयोगशाळा, अर्ध्या बातम्या,
एक ना धड, भाराभर चिंध्या.
मी रसायनशास्त्रात नापास होऊन इकडे आले नाही
हे त्याला अजून पटलेलं नाही.

दुसरं वर्ष उपमांचं.
ओझोनला छत्री म्हटलं की लोक भोक शोधतात,
पेशीला कारखाना म्हटलं की मालक.
भरती-ओहोटीवरच्या निबंधात
मी चंद्राला असं काही नटवलं
की समासात लाल शाईनं आलं:
नाकापेक्षा मोती जड. नाक कुठे आहे?

आणि आता तिसऱ्या वर्षी ही पाटी.
करिटानेच्या किनाऱ्यावर लावायची.
शिंपल्यांत विष आलंय. शब्द चाळीस, चित्र एक.
"सॅक्सिटॉक्सिन" पहिल्या फटक्यात गेलं.
"सूक्ष्म शैवाल" ठेवलं, काढलं, बसमध्ये पुन्हा ठेवलं.
"शिजवल्यानं विष जात नाही" याला कुणी हात लावायचा नाही.
ओठ बधिर होणं, बोटांना मुंग्या येणं,
यांना जागा हवी, म्हणून "कृपया" गेलं.

खांब रोवत होते तेवढ्यात हूहाना मावशी आली,
गुडघ्यापर्यंत बूट, हातात पिवळी बादली.
उद्या मराएवर दीडशे माणसं येणार,
विरेमूकाकाला निरोप द्यायला,
आणि आमच्या घरचा निरोप
समुद्राचं काही वाढल्याशिवाय होत नाही.
तिनं पाटी वाचली. ओठ हलवत, दोनदा.

"किती शिंपले तपासले?"
बारा, मी म्हटलं.
"या टोकाचे की त्या?"
त्या. पण मावशी, शितावरून भाताची परीक्षा करतात ना, तसं—
"चुली दोन आहेत, अरिहिया.
या बाजूला नदीचं पाणी येतं."
तीन वर्षांत हे एकाही नकाशावर
माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.
नकाशावर नदी होती. मला दिसली नव्हती.

"बरं, कधी संपेल हे?"
मी तोंड उघडलं.
आरसा हॉस्टेलवर होता, पण मला दिसला माझा चेहरा.
आठवडा म्हणता आलं असतं. महिनासुद्धा.
आवाज खाली ठेवून, खांदे सैल सोडून,
आम्हांला शिकवलंय तसं.
ठाऊक नाही, मी म्हटलं. कुणालाच नाही.

वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आणले, तिनं ते तसेच राहू दिले.
"मग ते लिही की.
ते लिहिलं असतंस तर मी इतकं विचारलं नसतं."

तिनं बादली पालथी घातली, तिच्यावर बसली
आणि फोन लावला.
"कोंबड्या आण. नाही, जास्त. अरे, सांगते ना, जास्त."
मग उठून मला म्हणाली, पिशवी आहे का तुझ्याकडे,
पाणी चढायच्या आत या बाजूचे बारा काढू,
तुझ्या त्या लोकांना दे.
वाळूत हात घालायची तिची रीत वेगळी आहे:
आधी टाच दाबून बघते, मग वाकते.
मी वहीत लिहून घेतलं, उगाच.

पाटीवर शेवटी चव्वेचाळीस शब्द झाले.
स्ट्रोनाकनी मोजले, आकडा लिहिला, त्याला गोल केला,
बाकी काही लिहिलं नाही. गुण अजून आलेले नाहीत.
दुसऱ्या बारांचा निकालही नाही.

मराएवरची कोंबडी जरा कोरडी झाली होती.
सगळ्यांनी खाल्ली. कुणी काही बोललं नाही.