दुसरी पेटी

हॉलरॉइड आजोबांना वृद्धाश्रमात नेलं त्या दिवशी
त्यांची लेक आमच्या दारात उभी.
हातात उशीचा अभ्रा, अभ्र्याला गाठ.
"डोरिस," ती म्हणाली. "डॅडची.
तुमच्याकडे एक आहेच ना?"

आहे. चकली.
तन्मयीने हट्टाने आणली तेव्हा पेन्सिलीएवढी, केशरी,
वेटोळं घालून बसली की थेट दिवाळीच्या डब्यातली.
फ्रीजरमध्ये मटार, ओल्या नारळाचा कीस,
आणि तिसऱ्या खणात तिचे गोठलेले उंदीर.
सवय होते. कशाचीही होते.

हडर्सफील्ड, जानेवारी.
दाराच्या फटीतून गॅसचं बिल पडतं
त्याचासुद्धा आवाज होतो.
आम्ही एकच खोली तापवतो, मी आणि तन्मयी,
एक सोफा, एक गोधडी,
तिची बर्फासारखी पावलं माझ्या पोटऱ्यांना.
दुसरी पेटी, दुसरा दिवा, दुसरा थर्मोस्टॅट म्हणजे
एकशे वीस पौंड.
म्हटलं, राहतील की एकत्र.
सापाला जागा लागून लागून लागते किती?

राहिल्या.
पहिल्याच रात्री दिव्याखालच्या चपट्या दगडावर
एकीवर एक, वेणी घातल्यासारख्या.
तन्मयीने फोटो काढला, मी आईला पाठवला.
मिरजेहून आई: "दूध पितात का?"
नाही गं, उंदीर.
"असू दे. बघ, कशा बिलगल्यात. सख्ख्या बहिणी."

तिसऱ्या आठवड्यात चकलीने उंदीर तोंडात धरला
आणि सोडून दिला.
चौथ्या आठवड्यात त्याच्याकडे पाहिलंही नाही.
पिठाच्या काट्यावर डबा ठेवला, डब्यात तिला:
बावीस ग्रॅम कमी.

दुकान एका जुन्या चॅपलमध्ये.
डीन नावाचा पोरगा, मानेवर गोंदलेला सरडा,
बोलणं आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरांपेक्षा सावकाश.
"बिलगत नाहीत त्या," तो म्हणाला.
"उबेची जागा एकच आहे. दोघींना तीच हवी.
मोठी आहे ना, ती वर बसते.
भांडण नाही, आवाज नाही.
एक जण खायची थांबते, एवढंच."

एवढंच.
बसमध्ये मांडीवर काचेची पेटी घेऊन
मी तीन स्टॉप पुढे गेले.

त्या रात्री फोन केला. आईकडे पहाट झालेली.
विचारलं, तू आणि मोठी काकू, बावीस वर्षं,
दोन खोल्यांत कशा राहिलात?
"भांड्याला भांडं लागायचंच," आई म्हणाली.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"चूल एकच होती ना."

वर कोण असायचं, ते मी विचारलं नाही.
लग्नानंतरच्या वर्षीचा तिचा फोटो आहे माझ्याकडे,
गळ्याची हाडं दिसतात.

पण काकू जाऊन तीन वर्षं झाली,
घरात चार बर्नरची शेगडी आहे,
आणि आई अजून ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात
अंग चोरून पोळ्या लाटते.
उजवीकडची जागा तशीच मोकळी.
हे डीनला कुठल्या इंग्रजीत सांगू?

पेटी लावली. दिवा लावला.
चकली एकटी दगडावर गेली,
जराशी पसरली, मग पूर्ण पसरली.
इतकी लांब आहे हे मला माहीतच नव्हतं.

तन्मयी बघत होती.
"मम्मी, मी वरच्या खोलीत झोपू?
थंड असली तरी चालेल."
मी तिच्या ताटाकडे पाहिलं.
अर्धी पोळी.
कधीपासून अर्धी?

रबरी पिशवीत गरम पाणी भरून दिलं,
लोकरीचे मोजे दिले, गोधडीही दिली.
जिन्याच्या सातव्या पायरीवर ती थांबली,
काही म्हणाली नाही, गेली.

आज सकाळी काट्यावर चकली:
चार ग्रॅम जास्त.
डोरिसचं काहीच कमी झालं नव्हतं,
तरी तिलाही तोलून घेतलं.