डावी घडी

औषधाच्या खोक्यातून निघणारे कागद मी फेकत नाही.
पातळ, कुरकुरीत, दोन्ही अंगांनी मुंगीएवढी अक्षरं.
वर्षभर साठतात खालच्या कप्प्यात, सलाईनच्या नळ्यांशेजारी,
आणि डिसेंबर लागला की रात्रपाळीत
मी त्यांचे चौकोन कापते.

नवापूरला थंडी रंगावलीच्या पात्रातून वर येते.
बाराच्या मालगाडीनं वॉर्डाची काच थरथरते.
सुरतेकडे की भुसावळकडे,
ते मला आता आवाजावरून कळतं.
नऊ खाटा. आठ झोपलेल्या.
नवव्या खाटेवर दिलवर, वय दहा, पाय वजनाला टांगलेला,
उसाच्या ट्रॉलीवरून पडला होता.
घरची माणसं टोळीबरोबर बारडोलीकडे,
एक आजोबा तेवढे व्हरांड्यात, घोंगडीच्या गाठोड्यासारखे.

"हाई काय करी ऱ्हायनी, सिस्टर?"

चांदणी. दारावर लावायची, नाताळची.
तीस तुकडे लागतात. गोंद नाही, दोरा नाही.
प्रत्येकाला दोन टोकं, दोन खिसे.
ह्याचं टोक त्याच्या खिशात, त्याचं पुढच्याच्या,
शेवटचा बसेपर्यंत सगळंच हातात लटपटतं,
आणि शेवटचा बसला
की खाली टाकलं तरी सुटत नाही.

पाळक हानोखभाऊ प्रार्थनेला आले तेव्हा म्हणाले,
तीसच का गं सुवार्ता?
तीस म्हटलं की मला नाणी आठवतात.

चार रात्री आम्ही घड्या घातल्या.
मी तापाचे तक्ते भरता भरता सतरा,
त्यानं उताणं पडून, छातीवर पुठ्ठा ठेवून, तेरा.
त्याची घडी माझ्याहून नेटकी.
नखानं दाबायचा, मग नख चाटून परत दाबायचा.
सतरा आणि तेरा. हिशेब चोख.
मी जोडायला बसले.

तीन बसले. चौथा बसेना.
टोक होतं, खिसा होता, पण खिशाचं तोंड पलीकडे.
मी फिरवला, उलटा केला, माझंच चुकलं म्हणून उसवला.
दिलवर बघत होता.
मग हळूच, शाळेत पट्टी खाल्लेल्या आवाजात,
"मना हात डावा शे."

तेव्हा कुठे दिसलं मला.
चारही रात्री त्यानं माझा हात बघितला होता
समोरच्या खाटेवरून, आरशात बघावा तसा,
आणि प्रत्येक कोपरा दुमडला होता त्याच्या बाजूनं.
चूक एकही नव्हती. तेराच्या तेरा बरोबर.
फक्त माझ्यात बसणारं त्यातलं काही नव्हतं.

परत घालून घेता आल्या असत्या त्याच्याकडून.
मी तोंड उघडलंही होतं.
मग आठवलं, बारांचीही होते. लहान, आठ शिंगांची.

तर दारावर मोठी एक लागायची ती
ह्या वर्षी लहान दोन लागल्या,
एक उजवी, एक डावी.
हानोखभाऊंनी मोजून बघितलं,
आणि बारा म्हटल्यावर त्यांना जे आठवायचं ते आठवलं.
जवळ जाऊन वाचलं तर
डावीच्या एका शिंगावर अजून अक्षरं आहेत:
मुलांच्या हाती लागू देऊ नये.

माझे पाच उरले. त्याचा एक.
तेवीस तारखेला प्लास्टर घालून त्याला घरी सोडला,
आजोबांनी पाठुंगळी घेतला,
आणि तो एक त्यानं सदऱ्याच्या खिशात घातला.
"हाई मी लई जास."
जा.

काल रात्री वॉर्ड शांत होता.
मी डाव्या हातानं घड्या घालून बघितल्या.
कागद ऐकत नाही, अंगठा मध्ये येतो,
दोन फाटले, तिसरा वाकडा झाला.
पहाटेपर्यंत पाच जमले, जमले म्हणण्यापुरते.

सहाचं खोकं होतं. चांदणी नाही होत, नुसतं खोकं.
पाचही पाकिटात घालून वर त्याचं नाव लिहिलंय,
एक्स-रेच्या पाकिटांमध्ये, द खाली.
सहा जानेवारीला पाय दाखवायला यायचंय त्याला.
खिशातला आणेल की
धुण्यात गेला असेल.