नंबर किती?

व्हिडिओचं सगळं तौफिककडे होतं,
कव्हर माझ्याकडे.
म्हणजे जे कुणालाच नको होतं ते.

कँटीनमध्ये पुरवणीच्या कोऱ्या पाठीवर
तौफिकनं चौकोन आखले, बेचाळीस.
चौकोनात काड्यांची माणसं,
काडीला वेणी म्हणजे सुनेत्रा.
धैर्यशील म्हणाला, रंकाळ्यावर ड्रोन उडवू.
तौफिक म्हणाला, तिथं सगळेच उडवतात,
लग्नाआधीचे नवरा-नवरीसुद्धा.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही
आणि चहाचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न निघाला.

शेवटी सुनेत्रानंच सुचवलं:
सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
बाबांच्या फाउंड्रीची किल्ली
शेठ देतील, विचारलं तर.

थंड पडलेली भट्टी कशी गप्प असते
ते त्या सोमवारी पाहिलं.
काळी वाळू, साच्यांत निम्मी उमटलेली चाकं,
पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या.
तौफिक वेडाच झाला, भाड्याचे लाइट वाचले.
सुनेत्रा चौदा वेळा तेच कडवं गायली,
मोबाइलवर वाजणाऱ्या स्वतःच्याच आवाजामागे ओठ हलवत,
आणि चौदाव्यांदा खोकला आला.
तिचे वडील दारात, स्टुलावर.
फ्रेममध्ये या म्हटलं तर
शर्ट इस्त्रीचा नाही म्हणाले.
हात तेवढे दिले,
वाळू चाळणारे, अकरा सेकंदांचे हात.

इकडे मी.
सीडी आता कुणी ऐकत नाही, खोकं कशाला,
हे चौघांनाही माहीत होतं.
पन्नासातले वीस मार्क पॅकेजिंगला,
पण खरं सांगू, मार्कांसाठी नव्हतंच ते.
गाणं संपल्यावर ठेवायचं कुठं?

लक्ष्मीपुरीतल्या प्रेसवाल्यानं सवयीनं विचारलं,
वर 'श्री गणेशाय नमः' टाकायचं ना?
आणि खाली, आहेर आणू नये?
खोक्यांसाठी पापाच्या तिकटीमागच्या बोळात गेलो,
चपलांची खोकी करणाऱ्या मुसाकाकांकडे.
पुठ्ठा, खळ, एक पितळी पट्टी.
— आत काय घालणार?
— गाणी.
खळीचा ब्रश न थांबवता म्हणाले,
— नंबर किती?
— सहा.
— लेडीज का जेंट्स?
ते हसले नाहीत, म्हणून मलाही हसता आलं नाही.
शंभर खोकी, त्यातली साठ उधारीवर.
आत एक कार्ड, स्कॅन करायचा चौकोन,
आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर काळी वाळू.

शनिवारी रात्री धैर्यशीलच्या गच्चीवर गठ्ठे सोडले
आणि सगळ्यात आधी तिनंच पाहिलं:
सुनेत्रा मगदुम.
ह्रस्व.
प्रूफ मी वाचलं होतं. दोनदा.
कुणी ओरडलं नाही, ते जास्त लागलं.
ब्लेड आणि काळं पेन घेऊन बसलो,
उकार खरवडायचा, त्याचं तोंड फिरवायचं,
पुढचं खोकं.
तिकडे तौफिक एडिट करताना
तेच कडवं पुन्हा पुन्हा वाजवत होता,
'दूर'मधला ऊ ती किती लांब धरते
हे मला नव्वदाव्या खोक्याला कळलं.

उजाडता उजाडता तिचे वडील न्यायला आले.
राहिलेल्यांतलं एक खोकं उचललं,
नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला,
झाकण काढलं, पुडी सोडली,
वाळू दोन बोटांत चोळली.
"ओल कमी हाय," म्हणाले.
मी म्हटलं, काका, थांबा, त्यावर नाव चुकलंय.
त्यांनी हात लांब करून वाचलं.
"असू दे की.
आमच्या हजेरीला बी असंच लिवत्यात."
डब्याच्या पिशवीत खोकं आडवं बसेना,
म्हणून उभं ठेवलं.