शिफारसपत्र, तिसरे

अर्जदाराला आपण किती वर्षे ओळखता?
फॉर्मवर दोन आकडे मावतील एवढीच जागा.
अकरा, मी लिहितो. मग पेनाला टोपण लावून बसतो.
बाहेर वाऱ्याने शेजाऱ्यांची कचऱ्याची टोपली
पार मेंढ्यांच्या कुंपणापर्यंत नेली आहे.

खरं सांगायचं तर वर्गात मी तिला ओळखलंच नव्हतं.
ओस्ला हॅलक्रो. खिडकीकडची तिसरी रांग,
ओल्या लोकरीचा वास,
ब्युरेट धरणाऱ्या हातांवर फुटलेले फोड.
आम्ल लागलं तेव्हा ती ओरडली नाही,
नळाखाली तळवे धरून
खाडीकडे बघत राहिली.
प्रगतिपुस्तकात मी लिहिलं: लक्ष नसते.
लक्ष होतं. माझ्याकडे नव्हतं, इतकंच.

पहिलं पत्र तिने मागितलं वल्हवण्याच्या क्लबासाठी.
मी लिहिलं, वक्तशीर आहे.
आणखी काय लिहिणार? मला पोहताही येत नाही.
त्या उन्हाळ्यात धक्क्यावर जाऊन उभा राहिलो.
सहा वल्ही, सहा बायका,
सुकाणूवर म्हातारा मॅग्नी,
समुद्राकडून पाढे पाठ करून घेतल्यासारखा मोजत:
एक, दोन. एक, दोन.
आणि मधेच, अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं,
चार! चार नंबर, उशीर होतोय!
चौथ्या वल्ह्यावर माझी वक्तशीर विद्यार्थिनी.
शर्यतीत त्या शेवटून दुसऱ्या आल्या.
शेवटची होडी अर्ध्यातूनच परत फिरली होती.

दुसरं पत्र वृद्धाश्रमासाठी. बिनपगारी काम,
दर गुरुवारी, साल्मनच्या कारखान्यातली पाळी संपली की.
हातांना मासळीचा वास येतो म्हणून
आधी लिंबू चोळायची, मग म्हाताऱ्यांची नखं कापायची.
तिथेच तिसऱ्या हिवाळ्यात मॅग्नीला आणलं.
उजवं अंग गेलेलं. शब्द तर सगळेच गेलेले,
एक ‘नाही’ तेवढा उरला होता:
चहाला नाही, पावसाला नाही,
मुलगी भेटायला आली, तिला मिठी मारून, रडत, नाही.

मग एका गुरुवारी किनाऱ्यावर
त्याच्या खुर्चीची चाकं खड्यांत रुतली.
रेटा देताना ओस्लाच्या तोंडून सहज गेलं, एक.
दोन, म्हणाला मॅग्नी.
तीन, म्हणाला. आणि चारवर थांबला.
मान वळवायला त्याला बराच वेळ लागला.
तिच्याकडे बघून पुन्हा म्हणाला, चार.

त्या रात्री ती माझ्या दारात, नखशिखांत भिजलेली.
सर, शब्द गेले तरी आकडे कुठे राहतात?
मी म्हटलं, मी रसायन शिकवायचो. मला माहीत नाही.
मग कुणाला माहीत असतं?
टॉवेल पुढे केला, तो तिने घेतलाच नाही.

पंचविसाव्या वर्षी पुन्हा शाळेची पुस्तकं,
माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दोन हिवाळे.
पहिल्या वेळी नापास. दुसऱ्या वेळी काठावर.
मोल म्हणजे काय, हे तिला अजूनही नीट कळलेलं नाही,
आणि ते मी इथे लिहिणार नाही.
मॅग्नी फेब्रुवारीत गेला.
तिचं नाव त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.
चार म्हणायचा. ती ओ द्यायची.

आता एडिनबरा. वाचा-उपचाराचा अभ्यासक्रम, चार वर्षांचा,
(आकडा मी बनवलेला नाही, माहितीपत्रकात आहे.)
परवाच्या रात्रीच्या बोटीचं तिकीट काढून ठेवलंय तिने,
मुलाखतीला अजून बोलावलेलंसुद्धा नाही.

फॉर्मवरचा शेवटचा रकाना मात्र ऐसपैस:
अर्जदाराच्या उणिवा.
टोपण काढतो.
वल्हं पाण्यात घालायला किंचित उशीर होतो, लिहितो,
मग पुढे: पण एकदा घातलं की
आणि इथे माझी शाई संपते,
दुसरं पेन शोधायला उठावं लागतं.