बाराव्या दिवशी

जानेवारीची चार तारीख, रविवार.
टॉडमॉर्डनला साडेनऊ वाजलेत
आणि ऊन अजून डोंगराआड अडकलेलं.
रॉयस्टनच्या गॅरेजमध्ये आम्ही चौघं, कोट अंगातच.
मधोमध तीस लिटरचं पातेलं, घासून लख्ख,
त्यात आमचीच तोंडं, फुगलेली.

वर्षाची पहिली कुठली?

फिनबार म्हणतो, स्टाउट.
काळी, दाट, चमचा उभा राहील अशी.
दिवसभर तो लोकांच्या भिंतींतून वायरी ओढतो,
संध्याकाळी हातात काहीतरी जड हवं असतं त्याला.
ग्लेनिस म्हणते, बिटर. तांबूस, सरळ.
"आधी साधं जमू दे, मग नखरे."
हे ती दर जानेवारीत म्हणते
आणि मार्च आला की घालते बिटाची, आल्याची,
एकदा तर पाइनच्या कोंबांची.
रॉयस्टन काहीच म्हणत नाही.
चाळीस वर्षं बस चालवली त्यानं,
वळण येईपर्यंत गप्प राहायची सवय.

मी फार तर अर्धा ग्लास पिते.
मी येते वासासाठी.
गरम पाण्यात माल्ट पडलं की पहिली दहा मिनिटं
जो वास सुटतो तो ओळखीचा वाटतो,
सातूच्या पिठाच्या जवळून जातो,
थांबत मात्र नाही.
आईला फोनवर सांगितलंय, आंबवण्याचा क्लास आहे.
खोटं नाही.

गेल्या वर्षीची पहिली नासली होती.
वीस लिटर.
फिनबारनं झाकण उघडलं आणि कुणी काही बोललं नाही.
मोरीत ओतताना ग्लेनिसनं नळ सोडून ठेवला,
आवाज झाकला जावा म्हणून.
तेव्हापासून 'पहिली' हा शब्द
आम्ही जरा जपूनच उच्चारतो.

चहा तीनदा झाला. स्टाउट, बिटर, स्टाउट.
मग रॉयस्टन उठला,
जुन्या फ्रिजमधून जॅमच्या तीन बरण्या काढल्या,
तळाशी बोटभर पांढुरका गाळ.
यीस्ट. गेल्या वर्षीचं विरजण म्हणा ना.
चिठ्ठ्यांवरची शाई पसरलेली:
एकीवर नुसतं 'एप्रिल',
दुसरीवर अंगठ्याचा डाग,
तिसरी धुऊन कोरी.
"यांना विचारू," तो म्हणाला.

तिन्हींत कोमट गोड पाणी घातलं,
हीटरजवळच्या फळीवर ठेवल्या
आणि बसलो, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे.
फिनबारनं चिप्स आणल्या. व्हिनेगर जास्त झालं होतं.

दोनच्या सुमारास कळलं, एप्रिल गेला.
डागवाली अजून विचारात.
कोरीत एक बुडबुडा आला,
बराच वेळ दुसरा नाही,
मग एकदम कुजबुज सुटल्यासारखा फेस,
झाकणाच्या कडेपर्यंत.

कुठल्या बिअरचं, कुणी जपून ठेवलेलं,
कुणालाच आठवेना.
"मग साधंच घालू," ग्लेनिस म्हणाली,
"त्याला काय व्हायचंय ते होऊ दे."
फिनबारनं तरी मूठभर काळं माल्ट टाकलंच.
ग्लेनिसनं पाहिलं, आणि पाहिलं नाही.

उकळी, हॉप्स, पुन्हा एकदा उतू जाता जाता राहिलं.
काचा घामेजल्या, कोट उतरले.
अंधार पडल्यावर थंड झालेल्या रसात
रॉयस्टननं ती बरणी उपडी केली,
तळ बोटानं पुसून घेतला.

मग वही काढली. "नाव?"
मी म्हटलं, आमच्याकडे बाराव्या दिवशी ठेवतात.
तोवर नुसतं बाळ.
"का?" फिनबारनं विचारलं.
मला नीट सांगता येईना.
तेवढे दिवस तगलं तर तगलं,
असं असावं कधीकाळी.

कुणी हसलं नाही.
ग्लेनिसनं आपला मफलर सोडला,
डब्याभोवती गुंडाळला, पिन लावली.
रॉयस्टन बोटं मोजत होता.
"पंधरा तारीख. गुरुवार.
मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय.
चारनंतर या."