तीनच बाण

बाबा म्हणायचा, तीनच घे.
चौथा असला की पहिल्याला हात आळशी होतो.

पलंगाखालून नळकांडं ओढतो,
पीव्हीसीचं, रुपजी प्लंबरने कापून दिलेलं.
रुंद पात्याचा, डुकरासाठी:
दूधगाडीच्या कमानपट्ट्यातून ठोकलेला,
धार आईने भोपळा कापून पाहिलेली.
राहू दे. आता डुक्कर बिल्डिंगच्या कचऱ्यावर येतं,
कुणी त्याला नावही ठेवलंय.
काटेरी, माशाचा. घेतला.
बोथट, खैराचा, होल्यासाठी. घेतला.

तिसऱ्यावर अडलो.
चैती विचारते, लिफ्टपाशी वॉचमनने हटकलं तर?
पडद्याचे रॉड म्हणेन.
"रॉडला पिसं?"

पिसं.
पाड्यावर होतो तेव्हा घारीची, गळून पडलेली.
आता डक्टमधल्या कबुतरांची, हवी तेवढी.
फक्त दव लागलं
की बाण डावीकडे ओढतो, चांगला वीतभर.

आरेच्या ओढ्यात
कारशेडचा दिवा पाण्यावर हलतोय.
दोनच बाण घेऊन उभा आहे.
नेम माशाच्या जरा खाली,
हे बाबाने शिकवलं.
जरा उजवीकडे,
हे सातव्या मजल्याने.