रात्रीच्या ऑटोचा हिशोब

तिकडे कोथिंबीर केवढ्याची, हे मी आधी विचारलं.
उत्पला हसली. म्हणाली, आई, लाइपझिगात ती कुंडीसकट मिळते,
दोन युरोला. शंभरनं गुण.
मी वहीच्या मागच्या पानावर गुणलं आणि चष्मा काढला.
गोकुळपेठेत भाजीवाली पिशवीत तशीच टाकते,
नुसती ओळख लागते.

मग खोलीभाडं. तीनशे ऐंशी, न्हाणीघर तिघींत एक.
विमा पगारातूनच कापणार. ट्रामचा पास.
थंडीचा कोट एकदाच घ्यायचा,
पण एका कोटात आपले दोन कूलर येतात.
बत्तीस वर्षं पोस्टात लोकांची पासबुकं भरली मी,
आकड्यांना भीत नाही.
आकडा निदान रांगेत उभा राहतो.

उत्पलाचे बाबा इतका वेळ गप्प होते.
"पैशाचं होईल. पोरगी तिथं सेफ राहीन का, ते सांग.
रात्री ड्युटी सुटणार, भाषा अर्धीमुर्धी,
काहून जायचं बाप्पा इतकं दूर?"

ती उठली. खुंटीवरची पर्स काढली
आणि पलंगावर उलटी केली.

मिरचीपूड, सेंटच्या रिकाम्या बाटलीत.
शिटी, पीटीच्या बाईंच्या गळ्यात असते तसली.
एक बंद पडलेला फोन, नुसता कानाला लावायला:
हो दादा, आलीच, चौकात आहे.
दादा तेव्हा पुण्यात.
किल्ल्यांचा जुडगा; त्यातली सगळ्यात लांब किल्ली
घरातल्या कोणत्याच कुलपाला लागत नाही.
बोटांच्या मधे धरली की टोक बाहेर येतं.

"मेडिकल चौक ते रामेश्वरी," ती म्हणाली,
"सहा वर्षं झाली."

कूलरचं पाणी टपटपत होतं.
बाबांनी शिटी उचलली, उलटीसुलटी केली,
वाजवली नाही.

त्या रात्री मी वही पुढून उघडली.
दूध, गॅस, भिशी, बुद्धविहाराची वर्गणी.
रात्रीचा ऑटो एकशेवीस. रात्रीचा ऑटो एकशेवीस.
माझंच अक्षर. रकाना: किरकोळ.
आणि कामठी रोडच्या दवाखान्यानं
चार हजार जास्त देऊ केले होते, ते कुठं?
रस्ता सुना म्हणून नको म्हणाली होती मी, मीच.
चार हजार गुणिले बहात्तर महिने.
दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार.
कोणत्याच पानावर नव्हते.

गेली ती. मे महिन्यात, छेचाळीस डिग्रीत,
अंगात कोट घालून, बॅगेचं वजन वाचावं म्हणून.
विमानतळावर लोक पाहून राहिले होते.

आता रात्री साडेबाराला माझ्या फोनवर
एक निळा ठिपका नदी ओलांडतो.
तिकडे नऊ वाजलेले असतात, उजेड असतो म्हणे.
दुसऱ्या महिन्यात ठिपका एक स्टॉप आधीच थांबला.
हलेना. मी पाणी प्यायला विसरले.
मग फोन आला: आई, एक जण मागं मागं येत होता,
मी बेकरीत शिरले. गेला तो.
"किल्ली आणली होती?"
"आणली होती."
दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही.
मग तिनं त्या बेकरीतल्या पावाची किंमत सांगितली,
आणि मी लिहून घेतली.

इकडे बागडेंची मोनाली
नव्या कॉल सेंटरातून एक वाजता येते, स्कूटीवर.
फाटकावरचा दिवा मी आता तिच्या येण्यापर्यंत ठेवते.
वीजबिल शंभर-सव्वाशेनं वाढलं;
त्याला किरकोळ म्हणवेना, नवा रकाना आखला,
वर नाव अजून घातलं नाही.
उत्पलाचे बाबा त्याच वेळी चप्पल घालतात,
झोप येऊन नाही राहिली म्हणतात,
आणि फाटकाशी जाऊन उभे राहतात, बनियनवर,
गळ्यात शिटी.
आतापर्यंत एकदाच वाजवली.
कुत्र्यावर.